वय मागून आलं

अनुपम खेर यांचा जन्म ७ मार्च १९५५चा. रोहिणी हट्टंगडी यांचा ११ एप्रिल १९५५चा. दोघांमध्ये जेमतेम महिन्याचं अंतर. महेश भट यांच्या 'सारांश'चं शूटिंग झालं तेव्हा दोघंही २८ वर्षांचे होते, आणि दोघंही एका निवृत्त मराठी हेडमास्तरचं आणि त्याच्या बायकोचं म्हातारपण करत होते. १९८४च्या मे महिन्यात सिनेमा लागला. तेव्हापासून '२८ वर्षांच्या पोराने म्हातारा केला' ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय, की आता ती रील्समध्येसुद्धा फिरते. मुलाखतींमध्ये येते, मोटिव्हेशनल भाषणांमध्ये येते.

आता एक विचारतो. त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसलेली म्हातारीही २८चीच होती, हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय?

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. पुरुषाने म्हातारपण केलं की आपण त्याला अभिनय म्हणतो. बाईने केलं की ते आपल्याला तिचं असणंच वाटतं. रोहिणी हट्टंगडी यांची कारकीर्द आता पन्नास वर्षांच्या घरात आहे. नाटक, समांतर सिनेमा, ऑस्करवाला इंग्रजी सिनेमा, अमिताभचा मसालापट, अकरा वर्षं चाललेली मालिका, आणि सत्तरीकडे झुकताना मराठीतला सुपरहिट. इतकं सगळं करूनही त्यांचं नाव घेतलं की आपल्या तोंडात पहिला शब्द येतो 'आई'. हा शब्द त्यांना कसा चिकटला, आणि त्याच्या आत त्यांनी नेमकं काय केलं, ते बघू.

२६व्या वर्षी ७४ची

पुण्यात जन्मलेल्या रोहिणी ओक दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या तेव्हा तिथे इब्राहिम अल्काझी संचालक होते. १९७४ला त्या शिकून बाहेर पडल्या. त्यांचं भरतनाट्यम आणि कथकलीचं शिक्षण झालेलं होतं, आणि विद्यालयात त्यांनी यक्षगान आणि जपानी काबुकीसारख्या शैलींमध्येही काम केलं. ही माहिती प्रोफाइलमध्ये एका ओळीत येते आणि आपण ती स्क्रोल करतो. पण पुढचं सगळं समजून घ्यायला ती फार उपयोगाची आहे. कथकली किंवा यक्षगानात पात्र चेहऱ्याआधी पायात येतं. उभं कसं राहायचं, वजन कुठल्या पायावर द्यायचं, वळताना आधी मान की आधी खांदा, हे ठरल्याशिवाय राजाही उभा राहत नाही आणि राक्षसही नाही. अशा शाळेत शिकलेली मुलगी म्हातारपण केसांच्या पांढऱ्या पावडरीत शोधत नाही.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'चं शूटिंग १९८०च्या शेवटी सुरू झालं. हट्टंगडी तेव्हा २५ वर्षांच्या होत्या. समोर बेन किंग्सली, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठे. कस्तुरबा दक्षिण आफ्रिकेतल्या तरुणपणापासून करायची होती, ती थेट १९४४च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये प्राण सोडेपर्यंत. कस्तुरबा तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या. ज्या शहरात ही नटी जन्मली, त्याच शहरात कस्तुरबा गेल्या.

सिनेमा फोनवर बघताना एक प्रयोग करा. आफ्रिकेतला तो संडास साफ करण्यावरून होणारा भांडणाचा प्रसंग बघा, आणि लगेच शेवटचा आगाखान पॅलेसचा. मधले दीड-दोन तास सोडून द्या. पहिल्या प्रसंगात ही बाई नवऱ्याला उलट बोलते. नवरा तिला दाराकडे ढकलतो, आणि क्षणभर 'महात्मा' वगैरे सगळं गळून तिथे फक्त एक हेकट नवरा आणि एक अपमानित बायको उरते. शेवटच्या प्रसंगात ती अंथरुणावर आहे, आणि बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन्हीकडे बाई तीच आहे हे आपल्याला पटतं. मेकअप बदललेला आहे, पण पहिल्या प्रसंगातला ताठपणा शेवटपर्यंत कुठेतरी शिल्लक आहे. ती नुसती थकलेली नाही, तिने आयुष्यभर एका माणसाचं ऐकलंय आणि आयुष्यभर त्याच्याशी मनातून वादही घातलाय, असं वाटतं.

मधे एक सुंदर जागा आहे. गांधी आणि कस्तुरबा पत्रकारासमोर आपल्या लग्नातल्या सप्तपदीची वचनं पुन्हा म्हणून दाखवतात. दोघं आता वयस्क आहेत, आणि लहानपणी झालेलं लग्न आठवतायत. म्हणजे २५-२६ वर्षांच्या नटीने आधी म्हातारी व्हायचं, आणि मग त्या म्हातारीने क्षणभर पोरगी व्हायचं. अभिनयाच्या वर्गात शिकवावा इतका अवघड हिशेब आहे हा. पडद्यावर तो हिशेब दिसतच नाही, फक्त लाजणं दिसतं.

या भूमिकेसाठी १९८३ला त्यांना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, तो अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. स्टेपलटन तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, अमेरिकन रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या. त्यांच्या बरोबरीने २७ वर्षांच्या मराठी मुलीचं नाव. इथे कुणालाही वाटेल की आता या मुलीसाठी सगळी दारं उघडणार.

सुरकुत्या कुणाच्या

'सारांश'मध्ये बी. व्ही. प्रधान आणि पार्वती हे जोडपं शिवाजी पार्कजवळ राहतं. एकुलता मुलगा अजय न्यू यॉर्कमध्ये लूटमारीत मारला गेलाय. प्रधान देव मानत नाही. पार्वतीला वाटतं की घरात भाड्याने राहणाऱ्या सुजाताच्या पोटात अजयच परत आलाय.

कागदावर बघितलं तर प्रधानची भूमिका सोपी आहे. रागवायचंय, लढायचंय, कस्टमच्या ऑफिसात मुलाच्या अस्थींसाठी ओरडायचंय, मंत्र्यासमोर उभं राहायचंय. प्रेक्षक त्याच्या बाजूनेच असतात, कारण तो बरोबर आहे. पार्वती चूक आहे. ती अंधश्रद्धेला धरून बसलेली आहे आणि एका परक्या मुलीच्या गर्भावर हक्क सांगतेय. आजच्या भाषेत तिला 'टॉक्सिक' म्हणून मोकळं होता येईल. आणि तरीही तिचा राग येत नाही. हट्टंगडी तिला वेडी करत नाहीत. त्या तिला आनंदी करतात. बाळ येणार म्हणून ही बाई घरात ज्या लगबगीने वावरते, ती लगबग बघून आपल्याला कळतं की मुलगा गेल्यानंतर या घरात पहिल्यांदा कुणालातरी काहीतरी काम मिळालंय. तिची श्रद्धा म्हणजे तिचा दिनक्रम आहे. तो काढून घेतला तर सकाळी उठून करायचं काय?

शेवटी प्रधान सुजाताला आणि तिच्या मित्राला घरातून जायला लावतो, कारण त्याला पार्वतीला या भ्रमातून बाहेर काढायचंय. मग दोघं बागेतल्या बाकावर बसतात, आणि तो तिला सांगतो की तुझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत माझ्या आयुष्याचा सारांश आहे. सिनेमाचं नाव इथून येतं. त्या सुरकुत्या रंगवलेल्या होत्या. २८ वर्षांच्या चेहऱ्यावर काढलेल्या रेषांना उद्देशून २८ वर्षांचा नट हे बोलतो, आणि चाळीस वर्षांनी ते बघताना घशात काहीतरी अडकतं. सिनेमाचं अख्खं ओझं शेवटी तिच्या चेहऱ्यावर ठेवलेलं आहे. तो चेहरा खोटा वाटला असता तर सिनेमा तिथेच कोसळला असता.

'सारांश'नंतर खेर यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांत 'कर्मा'मधला डॉक्टर डँग, मग कॉमेडी, मग व्हिलन, मग बाप, मग पुन्हा कॉमेडी. त्यांच्या म्हातारपणाला इंडस्ट्रीने 'रेंज' म्हटलं. दोघांनी एकच पेपर एकाच वर्षी दिला आणि मार्कही सारखेच पाडले. मात्र कॅम्पस इंटरव्ह्यूला त्याला सगळ्या कंपन्या मिळाल्या आणि तिला एकच पोस्ट, 'आई'.

ज्या बाया तिच्याच वयाच्या होत्या

हे अन्यायाचं गणित इतकं सरळ असतं तर लेख इथेच संपला असता. पण त्याच चार वर्षांत हट्टंगडी यांनी आपल्या वयाच्या ज्या बायका केल्या, त्या बघितल्या की नुकसान नेमकं किती मोठं होतं ते कळतं.

'अर्थ' १९८२चा. सिनेमा शबाना आझमी आणि स्मिता पाटील यांचा म्हणून ओळखला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात पूजाच्या घरी काम करणारी एक बाई आहे. दारुडा नवरा, एक मुलगी, आणि मुलीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून साठवलेले पैसे. नवरा ते पैसे उडवतो. ती त्याला मारून टाकते. फ्लॅटमधल्या सुशिक्षित बाईला नवऱ्याशिवाय जगायचा निर्णय घ्यायला अख्खा सिनेमा लागतो, आणि तिच्या मोलकरणीचा निर्णय एका रात्रीत होतो. हट्टंगडी हा राग आधी कुठेही दाखवत नाहीत. ही बाई कामाला येते, बोलते, हसते, कुरकुर करते. ती पैशांचा हिशेब सांभाळणारी बाई आहे, म्हणून तो हिशेब बिघडल्यावर ती काय करेल याची आपल्याला आतून भीती वाटायला लागते. फिल्मफेअरने त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला.

'पार्टी' १९८४चा, गोविंद निहलानींचा, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा. त्यात त्या मोहिनी बर्वे आहेत. एकेकाळची नटी, आता मोठ्या नाटककाराची बायको, हातात ग्लास. सगळं शहर तिच्या नवऱ्याचा सत्कार करायला जमलंय आणि ती त्या गर्दीत एकटी आहे. तिशीच्या आतल्या, स्वतः ऐन भरात असलेल्या नटीने 'काम सुटलेली नटी' करायची, आणि तीही दारूच्या अंमलाखाली. दारू प्यायलेलं पात्र करताना बहुतेक नट झोकांड्या खातात. मोहिनी उलट स्वतःला सावरत राहते, आणि प्यायलेला माणूस खरं तर हेच करत असतो. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याला बघताच येणार नाही. १९८१ला विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक विनय आपटे. त्यातली मित्रा, म्हणजे सुमित्रा देव, रोहिणी हट्टंगडी यांनी केली. कॉलेजमधली मुलगी, जिला मुली आवडतात, आणि हे जिला कुणाला धड सांगताही येत नाही. भारतात समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत हे सुप्रीम कोर्टाने म्हटलं २०१८ला. त्याच्या ३७ वर्षं आधी मराठी प्रेक्षकांसमोर एक नटी ही मुलगी घेऊन उभी राहिली होती. म्हणजे 'गांधी' बनत होता त्याच काळात ही बाई एकीकडे राष्ट्रमाता करत होती आणि दुसरीकडे मित्रा. दोन भूमिकांमधलं हे अंतर आजच्या कुठल्याही स्टारला मोजून दाखवा.

नाटकाचं पुस्तक आहे, वाचता येतं. पण नटीने त्या शब्दांचं काय केलं ते त्या संध्याकाळींबरोबर गेलं. लोर्काच्या 'येर्मा'वरून केलेलं 'चांगुणा' आणि 'मीडिया' ही पती जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनातली कामं, एकपात्री 'अपराजिता', हे सगळंही त्यातच आलं. आपण ज्यांना फोनवर ओळखतो ते कलाकार म्हणजे त्यांच्या कामातला रेकॉर्ड झालेला भाग. हट्टंगडी यांच्या बाबतीत रेकॉर्ड झाली ती आई, आणि जी झाली नाही ती बहुतेक बंडखोर होती. सर्च रिझल्ट बघून कारकीर्द समजून घेणाऱ्या आपल्या पिढीने हे लक्षात ठेवायला हवं.

हिंदी सिनेमाची मराठी आई

हिंदी सिनेमाच्या आया किती मराठी होत्या याची एकदा यादी करून बघा. 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई दुर्गा खोटे. सुलोचनादीदी. ललिता पवार. रीमा लागू. रोहिणी हट्टंगडी. रंगभूमीवर किंवा जुन्या मराठी स्टुडिओत तयार झालेली, शब्द स्वच्छ बोलणारी, रडतानाही वाक्य न तोडणारी नटी हवी असली की मुंबईच्या निर्मात्याला मराठी बाई आठवायची.

आणि वयाचं गणित तर भन्नाट आहे. 'जॉनी मेरा नाम'मध्ये सुलोचना देव आनंदची आई आहेत आणि देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा आहे. 'वास्तव'मध्ये रीमा लागू संजय दत्तच्या आई आहेत, वयात फरक एका वर्षाचा. हट्टंगडी 'शहेनशाह' (१९८८) आणि 'अग्निपथ' (१९९०) दोन्हींत अमिताभच्या आई आहेत, आणि अमिताभ त्यांच्याहून साडेबारा वर्षांनी मोठे. 'दामिनी'त ऋषी कपूरच्या आई, तो तीन वर्षांनी मोठा. 'मुन्नाभाई'त संजय दत्तच्या, तो चारच वर्षांनी लहान.

'अग्निपथ' मुद्दाम पुन्हा बघा. सुरुवातीच्या मांडव्याच्या भागात सुहासिनी चव्हाण तरुण आहे, शाळकरी पोराची आई, म्हणजे साधारण हट्टंगडी यांच्या तेव्हाच्या वयाची. मग पोरगा मोठा होऊन अमिताभ होतो आणि तिला एका कटमध्ये म्हातारं व्हावं लागतं. अमिताभचा आवाज, संवाद, पांढरा सूट, सगळं तुमच्यावर चालून येत असतं. त्याच्यासमोर टिकायला आवाज चढवून उपयोग नाही, कारण त्या स्पर्धेत कुणीच जिंकणार नाही. म्हणून सुहासिनी विजयला थोपवते ती नापसंतीने. तिला पोराची कमाई नको आहे, आणि हे ती रडून सांगत नाही. तिच्यासमोर तो भयंकर गुंड खरोखर बारा वर्षांचा दिसायला लागतो. अमिताभला लहान करण्याचं काम ३४च्या आसपासची नटी करतेय.

हे कौतुक खरं आहे, पण त्यातच माझी तक्रारही आहे. हट्टंगडी या भूमिका इतक्या चोख करत गेल्या, की 'अरे, ही बाई हिरोपेक्षा लहान आहे' असा प्रश्न कुणाला पडलाच नाही. त्यांच्या कसबाने इंडस्ट्रीची सोय झाली. कस्तुरबा, पार्वती, मित्रा आणि मोहिनी पेलणाऱ्या नटीसाठी ३५ ते ४५ या दहा वर्षांत हिंदी सिनेमाने तिच्या वयाची किती मोठी पात्रं लिहिली? 'चालबाज'मधली खाष्ट अंबा बघितली की कळतं, थोडी मोकळीक मिळाली की त्या काय धमाल करू शकत होत्या. त्या खलनायकी कॉमेडीत त्यांना मजा येतेय हे दिसतं. ती मजा फार कमी वेळा दिसली.

अकरा वर्षांची सासू

मी जालन्याचा. आमच्याकडे नाटक बघायचं तर साठ किलोमीटर लांब संभाजीनगर गाठावं लागतं, आणि माझ्या लहानपणी तेवढ्यासाठी कुणी जात नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायकांची रोहिणी हट्टंगडी म्हणजे ईटीव्ही मराठीवरची आशा देशमुख. 'चार दिवस सासूचे' २००१ला सुरू झाली आणि २०१३पर्यंत चालली. तीन हजारांहून जास्त एपिसोड. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत संध्याकाळी लाइट गेली की इन्व्हर्टर असलेल्या घरी चार बायका जमायच्या, आणि तिथेही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी हापशावर स्टोरी कळायची.

मालिकेला 'सास-बहू' म्हणून हसणं सोपं आहे, आणि बऱ्याच बाबतींत ते योग्यही आहे. एकच गैरसमज महिनाभर ताणायचा, एकाच वाक्यावर तीनदा झूम, मागे ढगांचा गडगडाट. पण त्या सगळ्यात एक बाई शांतपणे बोलत असायची. डेली सोपमध्ये नटाला रोज तेच द्यावं लागतं. पात्राला शेवट माहीत नसतो, त्यामुळे चढत जायची सोयच नाही. आज सगळं वापरून टाकलं तर उद्याच्या एपिसोडला काय? हट्टंगडी यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे काटकसर. झूम तीनदा झाला तरी प्रतिक्रिया एकदाच. आशा देशमुखचा दरारा गल्लीतल्या बायकांना खरा वाटायचा, कारण खऱ्या घरातली सासूही क्वचितच ओरडते. ती फक्त बोलायचं थांबते.

मालिका सुरू झाली तेव्हा माझी आई २८ वर्षांची होती. आज मी २८चा आहे, आणि ऑफिसातले सिनिअर मला अजून 'अरे पोरा' म्हणतात. आई तेव्हाच दोन मुलांची आई, एका मोठ्या घराची सून, आणि गडद रंगाची साडी समोर आली की 'आता काय शोभतं का' म्हणणारी बाई झाली होती. कुणी तिला मेकअप केला नव्हता. आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून तिचं वय ठरवलं होतं, आणि तिने ते मान्य करून टाकलं होतं. सिनेमा बायकांना लवकर म्हातारं करतो असं आपण म्हणतो तेव्हा मला वाटतं, सिनेमाने ही आयडिया आमच्याच घरातून उचलली असणार.

म्हणून '२८ची म्हातारी' हे वाक्य कुणी बोलत नाही. २८चा म्हातारा ही बातमी आहे. २८ची म्हातारी आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात होती.

अखेर आपल्या वयाची

२०२२ला 'चारचौघी' पुन्हा रंगभूमीवर आलं. लेखक प्रशांत दळवी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, दोघंही मूळचे औरंगाबादच्या 'जिगीषा'मधले, म्हणजे आमच्या शेजारचे. मूळ नाटक १९९१चं. नव्या संचात मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे या मुली आणि आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. ही आई म्हणजे विवाहित पुरुषाशी असलेलं नातं न लपवता, लग्नाच्या शिक्क्याशिवाय तीन मुली वाढवलेली शिक्षिका.

मी हा प्रयोग पुण्यात बघितला. लोक विद्याच्या फोनच्या प्रसंगाला टाळ्या वाजवतात, आणि मुक्ता बर्वेंनी त्या कमावलेल्याच आहेत. मी मात्र आईकडे बघत होतो. मुली आपापलं भांडण, आपापला निर्णय आईसमोर आणून टाकतात आणि तिला ते ऐकायचंय. ऐकणं हे रंगमंचावरचं सगळ्यात अवघड काम. मुलींच्या स्वातंत्र्याचा तिला अभिमान आहे, आणि त्या स्वातंत्र्याची किंमत किती ते तिला त्यांच्याहून जास्त माहीत आहे. हे दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर ठेवून ती बसते. केस पांढरे करावे लागले नाहीत. पाठ वाकवावी लागली नाही. उलट ती बाई त्या घरात सगळ्यात ताठ आहे.

तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या नटीने म्हातारपण कधी केलंच नव्हतं. कस्तुरबा असो, पार्वती असो की सुहासिनी, तिने प्रत्येक वेळी मागे बरंच काही घडून गेलेली बाई केली. वय हा त्याचा एक परिणाम होता. म्हणूनच खरं वय आल्यावर तिला काहीच बदलावं लागलं नाही.

मग ३० जून २०२३ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि थोरली जया म्हणजे हट्टंगडी. सोबत वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. ७५ कोटींच्या वर कमाई, आणि हिरो कुणीच नाही. समीक्षक म्हणून बघितलं तर सिनेमात उणिवा भरपूर आहेत. प्रश्न फार पटकन सुटतात, भावना फार स्पष्ट बोलून दाखवल्या जातात. पण जालन्यात माझ्या आईच्या भिशीच्या ग्रुपने अख्खी रांग बुक केली होती. सगळ्याजणी गॉगल लावून गेल्या. आईने जांभळी साडी नेसली होती, आणि तिला ती शोभते की नाही हे त्या दिवशी तिने कुणालाच विचारलं नाही. परत आल्यावर तिने सिनेमाची गोष्ट सांगितली नाही. म्हणाली, "आशाबाई कशी नाचली रे या वयात!"

या वयात. ६८ वर्षांची नटी पडद्यावर साधारण तेवढ्याच वयाची आहे, ती कुणाची आई म्हणून तिथे नाही, आणि तिचे गुडघे दुखत असतील तरी ती फेर धरतेय. पंचविशीपासून जिला पडद्यावर सतत पुढच्या वयात ढकललं गेलं, तिचं वय अखेर मागून चालत येऊन तिला गाठतं, आणि त्याच वेळी ती नाचायला लागते. 'सारांश'च्या बाकावर बसलेल्या पार्वतीला कुणी हे सांगितलं असतं तर तिला ते पटलं नसतं.

तुमच्याकडे एक मोकळा रविवार असेल तर 'अर्थ', 'पार्टी' आणि 'सारांश' या क्रमाने बघा. तिन्ही सिनेमे आले तेव्हा ही नटी तिशीच्या आत होती. बघताना प्रत्येक वेळी मनातल्या मनात तिचं खरं वय म्हणत राहा. आणि नाटक जवळपास कुठे लागलं असेल तर तिकीट काढा, कारण तिथलं कुणी रेकॉर्ड करत नाहीये.